प्रति: स्क्रीनवर उजळ, छापल्यावर काळपट

बाल्कनीचं दार उघडं ठेवून दिवसा एडिट केलेले लग्नाचे फोटो छापून काळपट आले, असं तुम्ही लिहिलंय. वर प्रिंटरला दोष दिलाय, मला ते पटत नाही. भर उजेडात आपण स्क्रीन प्रखर ठेवतो, फोटो गरजेपेक्षा उजळ दिसतो आणि मग आपणच तो गडद करतो.

कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारं उपकरण, स्क्रीनला टेकवून मोजतो तेव्हा त्याला फक्त स्क्रीनचा प्रकाश कळतो. काचेवर पडणारा खोलीतला उजेड काळ्या भागात मिसळतो, त्यामुळे सावलीतले बारकावे सगळ्यात आधी जातात. हे कुठल्याच प्रोफाइलने (त्या मोजणीवरून बनणाऱ्या रंगदुरुस्तीच्या फाइलने) भरून निघत नाही. म्हणून आधी खोली आवरा: पडदा ओढा, स्क्रीन खिडकीला काटकोनात ठेवा. आपल्या गोव्यातल्या काही घरांत भिंती गडद निळ्या-पिवळ्या असतात, त्यांची झाक डोळ्यांना फसवते. निदान मॉनिटरमागे तरी फिकट राखाडी रंग हवा. पावसाळ्यातला ढगाळ उजेड निळसर, तिन्हीसांजेचा पिवळा, तेव्हा नैसर्गिक उजेडावर विसंबूच नका.

मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मग ६५०० केल्विन (पांढऱ्या रंगाची छटा), गॅमा २.२ (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते) धरा. ब्राइटनेस छपाईसाठी ८० ते १२० निट्स (स्क्रीनच्या प्रखरतेचं एकक). एसआरजीबी या स्क्रीनच्या रंगांच्या प्रचलित मानकात ८०च आहे. दिवसाचं आणि रात्रीचं प्रोफाइल वेगळं करणार असाल, तर प्रत्येकाचा ब्राइटनेसचा आकडा लिहून ठेवा, नुसतं प्रोफाइल बदलून भागत नाही. नाइट लाइट, म्हणजे रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय, बंदच हवा. आणि प्रिंट ५००० केल्विनच्या चांगल्या दिव्याखाली तपासा, पिवळ्या बल्बखाली नको.