कूलंट सांडणाऱ्या फरशीसाठी कोणते सेफ्टी शूज घ्यावेत? (भोसरी, 24 जणांची खरेदी)

भोसरी_वर्कशॉप

नमस्कार मंडळी.

भोसरी एमआयडीसीत आमचे छोटे मशीन शॉप आहे. चार सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन), एक वॉशिंग मशीन, तपासणीचे टेबल आणि डिस्पॅच असे सगळे मिळून आम्ही 24 जण आहोत आणि सर्वांसाठी सेफ्टी शूज घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्या पाळीत आमचा एक ऑपरेटर व्हीएमसीसमोर घसरून पडला. हातात सात-आठ किलोची फ्लँज (पाइप जोडायची जाड चकती) होती. ती त्याच्या बुटाच्या टोकावर आदळली, पण आतल्या लोखंडी वाटीने बोटे वाचवली. तोल सावरताना टेकलेला हात मात्र मनगटात मोडला. दुसऱ्या दिवशी मी ते बूट हातात घेऊन पाहिले. वरचे कातडे चांगले होते, शिवण शाबूत होती, पण चवड्याखालचा सोल अंगठ्याने चोळला तर काचेसारखा गुळगुळीत लागत होता आणि उरल्यासुरल्या खाचांमध्ये तेलात कालवलेल्या बारीक चिप्स, म्हणजे धातूचे कातरण, घट्ट बसल्या होत्या. बूट जेमतेम सहा महिन्यांचे होते. ते मीच निवडले होते आणि निवडताना फक्त वाटी व किंमत पाहिली होती, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता टेल्को रोडवरच्या दुकानदारांकडून तीन नमुने आणले आहेत. पहिला पीव्हीसी सोलचा, 650 रुपये. दुसरा डबल डेन्सिटी (दोन थरांच्या) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, सोलचा, 1,150 रुपये. तिसऱ्याचा आतला थर पीयूचा आणि जमिनीला लागणारा थर नायट्राइल रबराचा आहे, तो 2,100 रुपये. तिन्हींवर आयएसआय मार्क आहे. मालकांचे म्हणणे असे, की महागडा जोड घ्यायचा असेल तर वरचा फरक पगारातून थोडा थोडा कापावा. आपण यातले कोणते घ्याल आणि का, ते कृपया सविस्तर सांगावे.

चाकण_सुरक्षा

आधी एक तातडीची गोष्ट. ज्या बुटावर फ्लँज पडली तो जोड कोणालाही पुन्हा वापरायला देऊ नका. वाटी एकदा मोठा आघात झेलते तेव्हा ती बाहेरून दिसत नसली तरी वाकलेली किंवा तडकलेली असू शकते आणि दुसऱ्या आघाताला ती तशीच टिकेल याची खात्री राहत नाही. तो जोड कापून टाका, म्हणजे भंगारातून कोणी उचलून नेणार नाही.

आता मार्कविषयी. आपल्याकडे सेफ्टी शूजचे मानक आयएस 15298 आहे आणि त्याचे भाग वेगवेगळे आहेत, हे खरेदी करणाऱ्या पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. भाग 2 मधल्या बुटाची वाटी 200 ज्यूलचा आघात आणि 15 किलोन्यूटनचा दाब सहन करते. भाग 3 मध्ये हेच आकडे 100 ज्यूल आणि 10 किलोन्यूटन असे आहेत. भाग 4 च्या बुटाला वाटी असण्याची सक्तीच नाही. त्यामुळे नुसता आयएसआय मार्क पाहून थांबू नका, त्याच्याजवळ छापलेला भाग वाचा, आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा जो परवाना क्रमांक असतो तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहा. परवाना चालू आहे की नाही आणि तो कोणाच्या नावावर आहे, हे दुकानात उभ्या उभ्या कळते.

200 ज्यूल म्हणजे साधारण 20 किलोचे वजन एक मीटरभर उंचीवरून पडण्याइतका मार. चाचणीच्या वेळी वाटीखाली मऊ मातीसारख्या पदार्थाची नळकांडी ठेवतात, वजन सोडतात आणि मग ती नळकांडी किती चेपली ते मोजतात. 41-42 नंबरच्या बुटात आघातानंतरही किमान 14 मिलिमीटर जागा शिल्लक राहावी लागते, कारण तेवढ्याच जागेत आपली बोटे असतात. तुमची फ्लँज कमरेच्या उंचीवरून पडली असे धरले तर तो मार सुमारे 70 ज्यूलचा होतो. म्हणजे भाग 2 चा कोणताही खरा बूट तुमच्या कामाला वाटीच्या बाबतीत पुरेसा आहे. तुमचे तिन्ही नमुने भाग 2 चे असतील, तर बोटांच्या संरक्षणात त्यांच्यात फारसा फरक नाही आणि जास्तीचे पैसे वाटीसाठी मोजण्याचे कारण नाही.

फरक आहे तो तळाशी. तुमच्या फरशीवर जे सांडते ते नुसते पाणी नाही आणि नुसते तेलही नाही. कूलंट म्हणजे पाण्यात मिसळलेले तेल, आणि वॉशिंग मशीनजवळ त्यात साबणासारखे रसायनही येते. बुटावर छापल्या जाणाऱ्या घसरणरोधाच्या जुन्या खुणा नेमक्या याच दोन गोष्टींवर आधारलेल्या आहेत. एसआरए म्हणजे साबणाचे द्रावण पसरलेल्या सिरॅमिक फरशीवर केलेली चाचणी, एसआरबी म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या पोलादी पत्र्यावर केलेली, आणि एसआरसी म्हणजे दोन्हींत उत्तीर्ण. एसआरएमध्ये बूट सपाट ठेवून घर्षणांक (पकडीचे माप) किमान 0.32 आणि टाचेवर 0.28 यावा लागतो. एसआरबीमध्ये हेच आकडे 0.18 आणि 0.13 इतके खाली येतात. एसआरसी लिहिलेला बूटसुद्धा तेलकट पत्र्यावर किती थोड्या आधाराने उभा असतो, ते यावरून ध्यानात यावे. आयएसओ 20345 या सेफ्टी शूजच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2022 च्या आवृत्तीत ही अक्षरे काढून टाकली आहेत. आता साबणाची चाचणी सर्वांना लागू आहे आणि ग्लिसरीनचीही जास्तीची चाचणी पार केली असेल तर एसआर असे लिहितात. दुकानात दोन्ही पद्धतींचा माल मिळत असल्याने अक्षरांवरून वाद न घालता विक्रेत्याकडे चाचणीचा अहवाल मागा आणि त्यात घर्षणांक वाचा.

तुमच्या कामासाठी मी पहिला नमुना बाद करीन. पीव्हीसीचा सोल स्वस्त असतो, पण थंडीत कडक होतो, आणि कडक सोल फरशीला धरत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्यात निवड करताना सोल उलटा करून बघा. खाचा कडेपर्यंत मोकळ्या गेलेल्या असाव्यात, म्हणजे पाऊल टेकले की खालचे तेल बाहेर पळायला वाट मिळते. मधोमध बंद राहिलेल्या नक्षीत तेल अडकते आणि चिप्स तिथेच रुततात. चवड्याखालच्या खाचा दोन मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या की बूट बदलायचा, मग वरचे कातडे कितीही नवे दिसो. आम्ही महिन्यातून एकदा पाळी सुरू होण्यापूर्वी सर्वांचे सोल पाहतो आणि त्याला दहा मिनिटे लागतात.

चिप्स पायाखाली येत असतील तर तळव्यात खिळारोधक थर असलेलाच जोड मागा. त्याची खूण पी अशी असते आणि तो 1,100 न्यूटन जोर लावूनही खिळा आरपार जाऊ देत नाही. पोलादी पत्र्याऐवजी कापडी थर असेल तर बूट हलका आणि लवचीक होतो व कडेपर्यंत संरक्षण मिळते. मात्र अगदी बारीक अणकुचीदार खिळ्याला पोलादी पत्रा जास्त दाद देत नाही. जिथे शटरिंगच्या फळ्यांतून खिळे वर आलेले असतात अशा बांधकामावर मी पत्राच सुचवीन, तुमच्याकडे कापड चालेल.

राहिला पगारातून कापण्याचा प्रश्न. 1948 च्या कारखाने कायद्यापासून (कलम 114) तत्त्व असे आहे, की कायद्याने द्यावयाच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. मालकांना हे शांतपणे सांगावे.

फौंड्री_पाळी

वर सगळे नेमके सांगितले आहे, मी फक्त उष्णतेची भर घालतो. नायट्राइल रबराच्या सोलवर एचआरओ अशी खूण असेल तर तो 300 अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर एक मिनिट टेकवून तपासलेला असतो. पीयू इतकी उष्णता सोसत नाही. आमच्याकडे पीयूचा जोड घालून आलेल्या एका नव्या मुलाने नुकत्याच फोडलेल्या साच्याशेजारी पाय ठेवला आणि सोलला रुपयाएवढा खळगा पडला. तुमच्या लेथवरून निळ्या पडलेल्या गरम चिप्स पायाशी पडत असतील, तर त्या चार ऑपरेटरांसाठी तिसरा नमुना घ्या. डिस्पॅचला त्याची गरज नाही.

देखभाल_विभाग_तळेगाव

पैशांचा हिशेब मी वहीत लिहून ठेवतो, तो देतो. आमच्या तेलकट विभागात पीव्हीसीचा 650 च्या आसपासचा जोड सरासरी पाच महिने चालला, 1,150 चा पीयू नऊ महिने आणि रबरी तळाचा 2,100 चा सोळा महिने. भागाकार केला तर पहिला महिन्याला 130 रुपये, दुसरा 128 आणि तिसरा 131 पडतो. महिन्याच्या हिशेबात तिन्ही सारखेच असतील तर ज्याची पकड शेवटपर्यंत टिकते तो घेणे मला रास्त वाटते. हा आमच्या शॉपचा अनुभव आहे, तुमच्याकडे चालणे किती आणि फरशी कशी यावर महिने कमी-जास्त होतील.

पण एक गोष्ट या हिशेबात येत नाही आणि तिनेच आमचे सर्वांत मोठे नुकसान केले. पीयू हा पदार्थ हवेतल्या ओलाव्याने आतून कुजत जातो. भाव चांगला मिळाला म्हणून आम्ही 60 जोड एकदम घेतले आणि जिन्याखालच्या खोलीत ठेवले. त्या खोलीच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. दोन पावसाळ्यांनंतर एक न वापरलेला खोका उघडला, बूट पायात घातला आणि दारापर्यंत चालत गेलो, तेवढ्यात टाचेचा सोल वाळलेल्या केकसारखा भुगा होऊन फरशीवर पडला. कातडे कोरे होते, लेसही बांधलेल्या होत्या. तेव्हा खोक्यावरचा निर्मितीचा महिना वाचून घ्या, दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल स्वस्त मिळाला तरी नको, आणि 24 जणांसाठी 24 अधिक चार-पाच जोड एवढाच साठा ठेवा. ओले झालेले बूट हीटरसमोर किंवा कडक उन्हात वाळवू देऊ नका. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवले तर सकाळपर्यंत वाळतात आणि कातडेही तडकत नाही.

आणखी एक. बूट कितीही चांगला असला तरी व्हीएमसीच्या दारातून गळणारे कूलंट बंद झाले नाही तर पुढचा माणूस पडेलच. दाराची रबरी पट्टी बदला, समोर जाळीची चटई टाका, आणि पुसायचे काम कोणाचे, ते पाळीनुसार नाव घालून ठरवा.

तपासणी_टेबल

दादा, तुमच्या 24 जणांत महिला आहेत का? मी पिंपरीत तपासणी विभागात काम करते. आम्हा तिघींना पुरुषांचा सर्वांत लहान जोड, म्हणजे सहा नंबर, मिळायचा. माझा पाय चार नंबरचा आहे. मी दोन मोजे घालून आणि टाचेत कापड दुमडून वर्षभर ते बूट वापरले. सैल बुटात पाय पुढे सरकतो, चढताना टाच उचलली जाते, आणि वाकून खालची क्रेट उचलायची म्हटले की वाटीची मागची कड बोटांच्या पेरांवर रुतते. पकड सोलची असते हे खरे, पण पायच बुटात धरलेला नसेल तर त्या सोलचा काही उपयोग होत नाही. महिलांच्या मापाचे सेफ्टी शूज आता बाटा, करम, ॲलन कूपर, लिबर्टी यांसारख्या कंपन्यांच्या विक्रेत्यांकडे मागवता येतात की नाही ते आधी विचारा आणि नसतील तर दुकान बदला. आमच्या टेबलाला खरे तर अवजड पोलादी वाटीऐवजी हलकी कंपोझिट (बिगरधातूची) वाटी पुरते. ती पोलादापेक्षा जाड असते, म्हणून टोक थोडे फुगीर दिसते, पण त्याच 200 ज्यूलला उतरलेली घेता येते आणि आठ तास उभे राहिल्यावर पोटऱ्यांना फरक जाणवतो.

माप घेताना सर्वांना संध्याकाळी, पाळी संपताना बोलवा. दिवसभर उभे राहून पाय थोडा सुजलेला असतो आणि तेच खरे माप असते. कामावरचेच मोजे घालून, दोन्ही पायांत बूट चढवून, उकिडवे बसायला सांगा.

भोसरी_वर्कशॉप

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल तिन्ही नमुने उलटे करून पाहिले. पहिल्यावर भाग 3 छापलेला होता, तो माझ्या आधी लक्षातच आला नव्हता. दुसऱ्याच्या नक्षीच्या खाचा मधोमध बंद आहेत. तिसऱ्यावर एसआरसी आणि एचआरओ दोन्ही आहेत, निर्मितीचा महिनाही अलीकडचा आहे, मात्र पी नाही. खिळारोधक थराचा त्याच सोलचा जोड विक्रेता 2,350 ला देतो म्हणाला.

ताई, आमच्याकडे तपासणीला दोघी आहेत आणि दोघीही सहा नंबरच वापरत आहेत. मी त्यांना आजवर कधी विचारले नव्हते. आज विचारले, तर एकीने बूट काढून टाचेत घातलेला पुठ्ठा दाखवला.

मशीनवरच्या 14 जणांसाठी 2,350 चा जोड, डिस्पॅच आणि स्टोअरच्या आठ जणांसाठी मोकळ्या खाचांचा, भाग 2 चा दुसरा एखादा पीयू जोड, आणि तपासणीच्या दोघींसाठी त्यांच्या मापाचे कंपोझिट वाटीचे, असा प्रस्ताव मालकांपुढे ठेवला. महिन्याचा हिशेब मांडून दाखवल्यावर पगारातून कापण्याचा विषय त्यांनी स्वतःच मागे घेतला. व्हीएमसीच्या दाराची पट्टी गुरुवारच्या सुट्टीत बदलतो आहोत. मापे शुक्रवारी पहिली पाळी सुटताना घेणार आहे. मनगट मोडलेला आमचा ऑपरेटर प्लास्टर घेऊनच त्या दिवशी येतो म्हणाला आहे, त्याचे माप सर्वांत आधी घेईन.