घरच्या वर्कशॉपसाठी मिलिंग मशीन: बेंचवरचं, गोल कॉलमचं की जुनं नी-मिल?

मंद_फीड

लेथ आहे, आता मिल घ्यायची आहे. कामं साधारण ठरलेली आहेत: माइल्ड स्टीलचे 150 × 80 × 50 मिमीपर्यंतचे ठोकळे काटकोनात आणणं, शाफ्टमध्ये 5-6 मिमीच्या कीवे (किल्ली बसण्याच्या खाचा), ॲल्युमिनियम प्लेटवर मोजून पाडलेली भोकं, छोट्या वाफेच्या इंजिनाचे बिडाचे सिलिंडर बोअर करणं. पुढे इंडेक्सिंग हेड (तुकडा ठरावीक अंशांनी फिरवणारं) लावून गिअरही कापायचे आहेत.

जागा तळमजल्यावर, दार 850 मिमी रुंद, छत 2.6 मीटर, वीज सिंगल फेज. समोर असलेले पर्याय:

1. ड्रिल मशीन आहेच, त्याला क्रॉस-स्लाइड टेबल लावणं
2. 60 किलोची मिनी मिल, 500 वॅट, झुकणारा कॉलम
3. 170 किलोची बेंच मिल, डव्हटेलचा (तिरक्या कडांच्या सरकमार्गाचा) चौकोनी कॉलम, 1000 वॅट ब्रशलेस मोटर
4. गोल कॉलमची 250 किलोची मिल-ड्रिल
5. जुनं नी-मिल (ज्यात टेबल वर-खाली होतं), सुमारे 900 किलो, तीन फेज मोटर

मिनी मिलवर स्टील खरंच होत नाही का? गोल कॉलमला सगळे नावं का ठेवतात? आणि स्पिंडलचा (कटर फिरवणाऱ्या दांड्याचा) टेपर, म्हणजे हत्यार बसायचं निमुळतं तोंड, आर-8 घ्यावा की एमटी-3?

काटकोन

पहिला पर्याय आधी काढून टाका. ड्रिल मशीनची रचना खालच्या दिशेने दाबण्यासाठी असते. चक नुसत्या टेपरवर बसलेला असतो, मागून ओढून धरणारा ड्रॉबार नसतो. एंडमिलचा (बाजूनेही कापणाऱ्या कटरचा) बाजूचा दाब आणि थरथर मिळून टेपर सुटतो आणि फिरता चक कटरसकट खाली येतो. बेअरिंगही बहुतेक साध्या डीप ग्रूव्ह असतात आणि क्विल (स्पिंडल वर-खाली नेणारी नळी) बाहेर आली की हलते. टेबल कितीही चांगलं लावलं तरी हे सुधारत नाही.

आता वॅटबद्दल. माइल्ड स्टीलचा 1 घन मिमी कापायला ढोबळमानाने 2.5 जूल लागतात. 10 मिमी, चार दाती एचएसएस (हाय स्पीड स्टील) एंडमिल 800 आरपीएमवर, दाताला 0.04 मिमी, म्हणजे फीड 128 मिमी/मिनिट. 5 मिमी खोल आणि 1 मिमी रुंद कट घेतला तर मिनिटाला 640 घन मिमी धातू निघतो. त्याला लागतात जेमतेम 27 वॅट. गिअर आणि बेअरिंगमधली गळती धरून दुप्पट म्हणा. म्हणजे 500 वॅटच्या मिनी मिलची मोटर कमी पडत नाही, तिचा सांगाडा कमी पडतो. म्हणून जाहिरातीतले वॅट बाजूला ठेवून मशीनचं वजन, कॉलमचा छेद आणि डव्हटेलची रुंदी बघा.

मिनी मिलवर स्टील होतं, पण 6-8 मिमी कटर आणि अर्धा मिमी कट अशा बेताने. तुमचा 150 × 80 चा चेहरा (सपाट बाजू) साफ करायला तिथे संध्याकाळ जाईल. झुकणारा कॉलम खाली एकाच मोठ्या नटवर धरलेला असतो आणि सगळा चॅटर (कापतानाची थरथर) तिथूनच सुरू होतो. कॉलममध्ये इपॉक्सी आणि खडी भरल्याने थरथर थोडी मरते, पण तो सांधा आहे तसाच राहतो.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि इथेच सर्वात जास्त लोक फसतात. स्पिंडलच्या तोंडापासून टेबलापर्यंतचं कमाल अंतर विचारा आणि हा हिशोब मांडा: व्हाइसचा (पकडीचा) तळ 75 मिमी, जॉब (कापायचा तुकडा) 50, आर्बरसकट 13 मिमीचा ड्रिल चक 115, आणि 10 मिमीच्या साध्या ड्रिलचा बाहेर राहणारा भाग 100. (त्या ड्रिलची पूर्ण लांबी 133 मिमी असते.) बेरीज 340. कमाल अंतर 380 असेल तर 40 मिमी उरतात. व्हाइसखाली फिरणारा बेस लावला की त्यातले 35 गेले. मिनी मिलला हे अंतर 280 च्या आसपास असतं, म्हणजे ड्रिल जॉबच्या वर येतच नाही. मग स्टब (आखूड) ड्रिल घ्यायचे, 10 मिमीचा स्टब 89 मिमीचा असतो, आणि ते चकऐवजी कोलेटमध्ये (हत्यार आवळून धरणाऱ्या चिरलेल्या बुशात) धरायचे.

तुमच्या यादीसाठी माझं मत 3 किंवा 5. मध्ये काही नाही.

बिडाचा_ठोकळा

4 ला इतक्या झटकन बाद करू नका. अडचण नेमकी काय ते आधी समजून घ्या. गोल कॉलमवर हेड वर-खाली करायला क्लॅम्प सैल करावा लागतो, आणि तो सैल होताच हेड कॉलमभोवती फिरू शकतं. कॉलमच्या मध्यापासून स्पिंडल 200 मिमीवर धरा. हेड 0.1 अंश फिरलं तर स्पिंडल 0.35 मिमी सरकला. सेंटर ड्रिलनंतर लांब ड्रिल लावायला हेड उचललं, की शोधलेली जागा गेली.

पण 250 किलोचं बीड 250 किलोच असतं. एकाच हेड-उंचीवर जेवढं काम होतं, तेवढ्यात हे मशीन मिनी मिलच्या कितीतरी पुढे आहे. क्विलला 120-130 मिमी हालचाल मिळते, तेवढ्यात बसेल अशी हत्यारं निवडायची: स्टब ड्रिल, ईआर-32 (कोलेटचं एक प्रमाणित माप) कोलेट चक, तेवढ्याच उंचीचं बोरिंग हेड (भोक मापात मोठं करणारं). हेड हलवावंच लागलं तर आधी जॉबमधल्या एखाद्या रीम केलेल्या (मापाला गुळगुळीत केलेल्या) भोकावर डायल इंडिकेटर (सूक्ष्म फरक दाखवणारं सुईचं घड्याळ) फिरवून शून्य लिहून ठेवा, हेड हलवल्यावर त्याच भोकावर परत शून्य लावा. वेळ लागतो, पण अचूकता परत मिळते.

भोकांच्या प्लेट जास्त असतील तर मात्र काटकोन यांचं बरोबर आहे. प्रत्येक भोकाला दोन-तीन हत्यारं लागतात आणि हा उद्योग दर वेळी करणं नको होतं.

मंद_फीड

प्लेटचंच काम जास्त आहे, म्हणजे 4 गेलं. 3 च्या माहितीपत्रात वेग 100 ते 3000, एकच पट्टा, गिअर नाही. स्पिंडल ते टेबल 370. हे पुरेल?

क्विल_लॉक

370 पुरेल, फिरणारा बेस काढून ठेवा. तो हवाच असा प्रसंग क्वचित येतो आणि व्हाइसचा ताठपणाही त्याने कमी होतो.

"एकच पट्टा, गिअर नाही" हे मात्र नीट बघा. आरपीएम = 1000 × कटिंग स्पीड ÷ (3.14 × कटरचा व्यास). स्टीलवर एचएसएस 25 मी/मिनिट धरलं तर:

10 मिमी एंडमिल: 800
50 मिमी फ्लायकटर (चेहरा साफ करणारा एक दाती कटर): 160
75 मिमी स्लिटिंग सॉ (पातळ गोल करवत), 20 मी/मिनिटने: 85

गिअर कापण्याचे 50-60 मिमीचे कटर, बिडात बोरिंग हेड, सगळं याच खालच्या पट्ट्यात येतं. आता, इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रण फार तर टॉर्क कायम ठेवतं, त्यामुळे वेग जितक्या पटीने उतरतो तितक्या पटीने ताकद उतरते. 3000 ला 1000 वॅट देणारी मोटर 160 ला 53 वॅट देते. फ्लायकटरचा दात आपटला की मोटर थांबते किंवा कंट्रोलर ट्रिप होतो. दोन गिअर किंवा दोन पुली असल्या तर टॉर्क यांत्रिकपणे वाढतो. म्हणून 3 मध्येच दोन रेंजचं मॉडेल शोधा. एकाच रेंजचं घेतलं तर फ्लायकटरऐवजी 16-20 मिमी एंडमिलने पट्टे पाडत चेहरा साफ करावा लागेल, आणि स्लिटिंग सॉ 50 मिमीपेक्षा मोठी नको.

गिअरहेड घेतलं तर आत धातूचे गिअर आहेत की प्लास्टिकचे ते विचारा. कटर अडकला की प्लास्टिकचे दात तुटतात. ते जवळ जादा ठेवता येतात, आणि त्यांच्या तुटण्याने मोटर वाचते हेही खरं.

टेपर: आर-8 घ्या. ब्रिजपोर्टच्या मशीनांमुळे हा टेपर सगळीकडे पसरला आणि हत्यारं भरपूर मिळतात. त्याचा उतार जास्त, म्हणून तो हलक्या टपलीने सुटतो. एमटी-3 स्वतःच घट्ट धरून बसतो आणि काढताना ड्रॉबारवर जोरात ठोकावं लागतं. तो प्रत्येक घाव स्पिंडलच्या बेअरिंगवर बसतो. दोन्हीत पद्धत एकच: ड्रॉबार एक-दीड फेरा सैल करायचा, आटे गुंतलेले असतानाच पितळी हातोडीने टिचकी मारायची. पूर्ण सोडून ठोकलं तर शेवटच्या आट्यांची वाट लागते. आर-8 च्या आतली किल्ली-पिन तुटलेली दिसली तर घाबरू नका, पकड टेपरची असते, पिनची नाही.

तीन_फेज

5 चा विचार अजून चालू असेल तर विजेमुळे मागे हटू नका. 2.2 किलोवॅटपर्यंत सिंगल फेज इनपुटचे व्हीएफडी (विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणारं यंत्र) सहज मिळतात. आधी मोटरची नेमप्लेट वाचा. 230/400 लिहिलं असेल तर टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या स्टारवरून डेल्टावर आणा, कारण अशा व्हीएफडीचं आउटपुट 230 व्होल्टचंच असतं. 400/690 असेल तर ही युक्ती चालत नाही, मोटर बदलावी लागते. दोन वेगांची मोटर असेल तर एकच वाइंडिंग कायमचं जोडा.

व्हीएफडी आणि मोटर यांच्या मध्ये कुठलाही स्विच ठेवू नका. चालू असताना तो उघडला तर व्हीएफडीचं आउटपुट जळू शकतं. मशीनचे जुने चालू-बंद स्विच व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा. अर्थिंग पक्कं हवं. कूलंट पंप तीन फेज असेल तर त्याच व्हीएफडीवर टाकू नका, वेग बदलला की पंपाचाही बदलेल.

क्विल_लॉक यांनी टॉर्कचं सांगितलं तेच इथेही लागू आहे. 1.5 किलोवॅटची मोटर 10 हर्ट्झला 300 वॅटच देते, शिवाय तिचा पंखा शाफ्टवरच असल्याने मंद वेगात गरम होते. 25 ते 60 हर्ट्झमध्ये राहा, बाकी वेग पट्ट्याने किंवा बॅक गिअरने बदला.

जागेचा हिशोब: टेबल 1065 मिमीचं असलं तरी दोन्ही टोकांना सरकताना हँडलसकट सुमारे 2 मीटर रुंदी लागते. तुमच्या 850 च्या दारातून टेबल, हेड आणि रॅम (हेड धरणारी आडवी भुजा) वेगळे काढूनच आत न्यावं लागेल. रॅम काढण्याआधी टरेटचे (रॅमखालच्या फिरत्या भागाचे) बोल्ट सैल करून हेड उलटं लटकवू नका, क्रेनचा पट्टा घट्ट बसल्यावरच बोल्ट सोडा. मशीन वरून जड असतं आणि झुकलं की माणसांना आवरत नाही.

मंद_फीड

एक नी-मिल बघायला जायचं ठरवतोय. काय काय तपासू? आणि ते खराब निघालं तर 3 घेताना बजेट कसं धरू?

काटकोन

डायल इंडिकेटर, मॅग्नेटिक बेस, लाकडी दांडा आणि टॉर्च घेऊन जा.

टेबलाची झीज मध्यभागी जास्त असते, कारण व्हाइस नेहमी तिथेच. टेबल मध्यावर आणून गिब (सरकमार्गातली फट भरणारी पट्टी) ताणायला सांगा, मग तेच टेबल शेवटच्या टोकाला न्या. तिथे ते जड जात असेल किंवा अडकत असेल तर मार्ग मधे झिजलेत. नुसती गिब घट्ट करून ही झीज जात नाही. बॅकलॅशही (स्क्रू-नटमधली रिकामी फिरकीही) मधे आणि टोकाला वेगवेगळा मोजा. सगळीकडे 0.2 मिमी असेल तर चालतं, नट ॲडजस्ट होतो. मधे 0.5 आणि टोकाला 0.1 असेल तर स्क्रू झिजलाय. डीआरओ (टेबलाची जागा आकड्यात दाखवणारं मापक) लावला की मोजमापातून बॅकलॅश जातो, कापण्यातून जात नाही: कटर फीडच्या दिशेने दात टाकत असेल तर टेबल तेवढं झटक्याने ओढलं जातं आणि दात तुटतो. म्हणून हाताच्या मशीनवर कट फीडच्या विरुद्ध घ्यायचा, आणि न हलणारे अक्ष लॉक करायचे.

स्पिंडलच्या टेपरच्या आत इंडिकेटर लावून हाताने फिरवा, 0.01 मिमीच्या आत हवं. मग लाकडी दांडा टेबलावर टेकवून स्पिंडल वर उचला. सुई 0.01-0.02 पेक्षा जास्त हलली तर बेअरिंग सैल किंवा गेलेली. कमाल वेगाला 20 मिनिटं चालवा: हात ठेवता येण्याइतकं गरम ठीक, घरघर नको. टेबलावर ड्रिलचे खड्डे दिसले तर मशीन कसं वापरलं गेलं ते कळतं, पण कामाला त्यांनी फारसं बिघडत नाही. तेलाच्या नळ्या सुकलेल्या असतील तर ते जास्त वाईट. कुठे तेल पोचतं ते पंप मारून प्रत्यक्ष बघा.

बजेटमध्ये मशीनइतकीच रक्कम हत्यारांसाठी बाजूला ठेवा. पहिल्या दिवशी लागणारं: 100 मिमीचा चांगला व्हाइस, ईआर-32 चक आणि कोलेट, क्लॅम्प संच, पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या समांतर पट्ट्या), एज फाइंडर (जॉबची कड शोधणारं), 6, 10 आणि 16 मिमी एंडमिल. इंडेक्सिंग हेड आणि बोरिंग हेड मागाहून. कटर होल्डरमधून गरजेपेक्षा बाहेर काढू नका, लांबी दुप्पट झाली की वाकणं आठपट होतं.

नवीन बेंच मिल आली की आधी हेड काटकोनात आणा. स्पिंडलला इंडिकेटर लावून टेबलावर 200 मिमीचं वर्तुळ फिरवा. डावी-उजवी हेड झुकवून जमते. पुढे-मागे फरक निघाला तर कॉलमच्या पायाखाली शिम (पातळ पत्रा) घालावी लागते: पायाची लांबी 200 मिमी आणि फरक 0.06 असेल तर एका बाजूला 0.06 चीच शिम. बोल्ट पुन्हा पूर्ण ताणूनच मोजा, सैल बोल्टवर घेतलेलं वाचन काहीच सांगत नाही. दोन्ही दिशांना 0.02 च्या आत आलं की पहिला ठोकळा लावा.