शब्दचर्चा : क्वेरीचा «संकलनकाळ» म्हणायचं की «आखणीचा वेळ»?

तिवर (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजातल्या मुलांनी किनारी रस्त्याचा ग्राफ डेटाबेस केला आहे, नीओफोरजेवर. मुरूडहून रत्नागिरीपर्यंत खाड्या ओलांडत यायचं तर चार फेरीबोटी लागतात : आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड. गावं आणि जेट्ट्या हे नोड, रस्ता आणि फेरी ही त्यांच्यातली नाती. अहवाल मराठीत लिहायचा आहे. क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, लागणाऱ्या वेळाचे त्यात दोन रकाने आहेत, कंपायलेशनचा (चालवण्याआधीच्या तयारीचा) आणि एक्झिक्यूशनचा (प्रत्यक्ष चालवण्याचा). मुलांनी «संकलनकाळ» आणि «निष्पादनकाळ» असे मथळे दिलेत. दोन्ही खटकतात, पण दुसरं काही सुचत नाही. तुम्ही काय लिहाल?

सुरुबन

संकलन म्हटलं की सिनेमाची श्रेयनामावली डोळ्यांसमोर येते, नाहीतर ओव्यांचं संकलन. विखुरलेलं गोळा करून नीट लावणं हा त्या शब्दाचा जीव. क्वेरी चालताना असं काही गोळा होतं का, ते जाणकारांनी सांगावं. «क्वेरी»ला हात लावू नका, «पृच्छा» फक्त परिपत्रकात बरी दिसते. «ग्राफ»सुद्धा तसाच राहू दे. «आलेख» लिहिलंत तर वाचणारा स्तंभालेख शोधत बसेल.

जांभा

तिवरताई, आधी आत काय घडतं ते बघू, मग शब्द आपोआप सापडेल.

सायफरमध्ये, म्हणजे नीओफोरजेच्या क्वेरीभाषेत, तुम्ही फक्त काय हवंय ते सांगता : आगरदांड्याहून जयगडला जाणारी वाट. कुठून सुरुवात करायची, इंडेक्स (झटपट शोधायची सूची) वापरायचा की सगळे नोड चाळायचे, नाती कुठल्या दिशेने धरायची, हे काहीच सांगत नाही. ते डेटाबेस ठरवतो. आधी तो मजकूर वाचून त्याचं व्याकरण तपासतो, मग कुठल्या प्रकारचे किती नोड आहेत, किती नाती आहेत याची आकडेवारी बघतो, वेगवेगळ्या क्रमांचा अंदाजे खर्च काढतो आणि त्यातला स्वस्त क्रम निवडतो. या टप्प्यात एकाही जेट्टीच्या नोंदीला हात लागलेला नसतो. नोंदी वाचायला सुरुवात होते ती त्यानंतर.

या पहिल्या टप्प्याला मी «आखणी» म्हणेन. आपल्याकडे घराचं जोतं घालायच्या आधी गवंडी दोरी ताणून फक्कीने रेघा मारतो, त्याला आखणीच म्हणतात. चिरा अजून गाडीतून उतरलेलाही नसतो, पण कुठली भिंत कुठे येणार हे ठरलेलं असतं. क्वेरीचं नेमकं तसंच चालतं. हा अर्थ «संकलन»मधून कधीच निघणार नाही.

«संकलन» टाळायचं आणखी एक कारण आहे. नीओफोरजे जावाच्या व्हर्च्युअल मशीनवर चालतो. वारंवार लागणाऱ्या कोडचं ते मशीन चालता चालता यंत्रभाषेत रूपांतर करत असतं, आणि खरं कंपायलेशन ते. सर्व्हर नुकताच सुरू केला असेल तर पहिल्या काही क्वेरी त्याच्यामुळेही रेंगाळतात. त्यालाही संकलन आणि आखणीलाही संकलन म्हटलंत, तर अहवालातला कुठला आकडा कशाचा हे मुलांनाच सांगता येणार नाही. तो शब्द व्हर्च्युअल मशीनच्या कामाला राहू दे.

बाकीच्या डेटाबेसांनीही हीच वाटणी केली आहे. पोस्टग्रेसला एक्सप्लेन ॲनालाइझ ही आज्ञा दिली की शेवटी दोन ओळी येतात, एक «प्लॅनिंग टाइम»ची आणि एक «एक्झिक्यूशन टाइम»ची. मेमग्राफ हा दुसरा ग्राफ डेटाबेस तर तीन आकडे वेगळे देतो : मजकूर वाचण्याचा, आखणीचा आणि आखणी चालवण्याचा.

आगरवाट (गुहागर)

«निष्पादन»बद्दल. जमिनीच्या व्यवहारात खरेदीखताची सूची क्रमांक २ ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल, तिथे एक्झिक्यूशनच्या तारखेला स्वच्छ मराठीत «दस्तऐवज करून दिल्याचा दिनांक» लिहिलेलं असतं आणि नोंदणीचा दिनांक वेगळ्या रकान्यात. किती साधं आणि किती नेमकं! कोर्टात हुकूमनाम्याची «अंमलबजावणी» होते, समन्स «बजावलं» जातं. म्हणजे या कामाला मराठीत शब्दांचा तुटवडा अजिबात नाही. तरीही मुलं «निष्पादन»कडे का वळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझं मत «अंमल»ला. मूळ अरबी «अमल», म्हणजे कृती. आखणीचा वेळ, अंमलाचा वेळ.

सुरुबन

«अंमल»ला सत्तेचा आणि नशेचाही अर्थ आहे.

आगरवाट (गुहागर)

आहे. पण «आखणी»च्या शेजारी बसवल्यावर भलता अर्थ कुणाच्या मनात येणार नाही. «अंमलबजावणीचा वेळ» लिहिलंत तरी माझी हरकत नाही, रकाना तेवढा रुंद ठेवावा लागेल.

तिवर (रत्नागिरी)

आखणी पटली, अंमलही पटला. आता एक अडचण. ब्राउझरमध्ये क्वेरी चालवली की खाली एक ओळ येते : नोंदी पाठवायला ३८ मिलिसेकंदांनी सुरुवात, ४१ मिलिसेकंदांनी पूर्ण. मुलांनी सरळ ३८ म्हणजे आखणी आणि उरलेले ३ म्हणजे अंमल असं मांडलंय. हे बरोबर आहे का? तीच क्वेरी लगेच पुन्हा चालवली तर पहिला आकडा एकदम खाली येतो.

जांभा

तसं मांडू नका. पहिला आकडा म्हणजे निकाल पाठवायला सर्व्हर तयार होईपर्यंतचा वेळ. नवीन क्वेरी असेल तर आखणी त्यात मोडते, पण ३८ च्या ३८ आखणीचेच, असं त्या ओळीवरून म्हणता येत नाही. त्या रकान्यांना जे आहे तेच म्हणा : «पहिली नोंद निघेपर्यंत» आणि «शेवटची नोंद पोचेपर्यंत». आखणीचा आकडा खरोखर वेगळा हवा असेल तर एंटरप्राइज आवृत्तीत क्वेरी लॉग असतो, त्यात आखणीचे मिलिसेकंद वेगळे नोंदवता येतात.

त्याच लॉगमध्ये आणखी एक आकडा असतो, त्याच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात : वाट बघण्याचा. दुसऱ्या कुणी त्याच नोंदीला कुलूप लावलेलं असेल तर ती नोंद बदलू पाहणारी तुमची क्वेरी तिष्ठत बसते. याला मराठीत «खोळंबा» इतका चपखल शब्द आहे की दुसरा शोधूच नये. पावसाळ्यात दरड आली की कोकण रेल्वेचं काय होतं ते इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फेऱ्यांच्या वेळा बदलणारी दोन कामं एकाच वेळी चालू असतील तर खोळंब्याचा रकाना ठेवाच. नाहीतर तो वेळ अंमलाच्या माथी बसतो.

दुसऱ्या वेळी आकडा का उतरतो? एकदा केलेली आखणी डेटाबेस जपून ठेवतो. तोच मजकूर परत आला की «तयार आखणी» उचलतो. म्हणून जेट्टीचं नाव क्वेरीच्या मजकुरात कोंबू नका, त्याच्या जागी डॉलरचं चिन्ह लावलेला पॅरामीटर (बाहेरून किंमत भरायची रिकामी जागा) ठेवा. मग दाभोळ असो की दिघी, मजकूर एकच राहतो आणि आखणी एकदाच होते. काही वेळा डेटाबेस अशा किमती आपणहून बाजूला काढतो, पण त्याच्या भरवशावर मोजमाप करू नये. डेटा बराच बदलला, आकडेवारी जुनी झाली, की तो «फेरआखणी» करतो. मुद्दाम करायला लावायची तर क्वेरीच्या आरंभी रीप्लॅनचा पर्याय फोर्सवर ठेवायचा.

मात्र दुसऱ्या खेपेची सगळी बचत आखणीच्या खात्यावर टाकू नका. पहिल्या खेपेला नोंदी डिस्कवरून मेमरीत आलेल्या असतात, दुसऱ्या खेपेला त्या तिथेच सापडतात. हा फायदा अंमलातला. दोन्ही वेगळे काढायचे तर सरावाच्या काही फेऱ्या आधी होऊ द्या, नोंदी मेमरीत येऊ द्या आणि मग त्याच क्वेरीला एकदा तयार आखणीने आणि एकदा सक्तीच्या फेरआखणीने पळवा. दोन आकड्यांतला फरक आखणीच्या बराच जवळ जातो. एकेका फेरीवर विसंबू नका, पुष्कळ फेऱ्या करून मधली किंमत घ्या.

पडाव (मालवण)

माका आखणी एकदम पटली. एक विचारतो. क्वेरीच्या आधी लावायच्या एक्सप्लेन आणि प्रोफाइल या दोन शब्दांना मुलं सर्रास «विश्लेषण» म्हणतात. चालेल?

जांभा

नको, दोघांच्या कामात मोठा फरक आहे. एक्सप्लेन फक्त आखणी करून दाखवतो, क्वेरी चालतच नाही. तिथे अंमलाचा आकडा मागणंच चुकीचं. प्रोफाइल क्वेरी खरोखर चालवतो आणि प्रत्येक पायरीवर किती ओळी निघाल्या, साठ्यावर किती वेळा हात घालावा लागला हे मोजतो. मोजण्याचाही थोडा भार पडतो, तेव्हा प्रोफाइल लावून मिळालेला वेळ अहवालात शुद्ध अंमल म्हणून देऊ नये. मी एकाला «आखणी दाखवा» आणि दुसऱ्याला «चालवून मोजा» म्हणतो. मथळ्यात क्रियापदं आली तर बिघडत नाही.

आणि प्रोफाइल लावून क्वेरी चालवली की लिहिण्याचं कामही खरंच होतं, हे मुलांना बजावून सांगा. नोंदी पुसणारी क्वेरी प्रोफाइलने चालवली तर नोंदी पुसल्या जातात.

तिवर (रत्नागिरी)

हे लाल अक्षरात लिहून ठेवते. एक निरीक्षण मुलांच्या वतीने : «कितीही टप्प्यांनी पोचवणारी कुठलीही वाट» अशी मोकळी क्वेरी टाकली की आखणी चुटकीसरशी होते आणि अंमल संपतच नाही. याउलट एका क्वेरीत पुष्कळ नोड आणि नाती एकमेकांत गुंतवली, तर उत्तर दोन ओळींचं असूनही आखणीलाच वेळ लागतो.

जांभा

दोन वेगळे शब्द हवेत ते याचसाठी. पहिल्या बाबतीत टप्प्यांना मर्यादा घाला, दुसऱ्या बाबतीत क्वेरीचे तुकडे करा. नुसता «लागलेला वेळ» लिहिला असता तर कुठला उपाय करायचा हे त्यावरून कळलं नसतं.

सुरुबन

«सरावाची फेरी» वॉर्म-अपला छान आहे, पण या डेटाबेसात फेरी म्हणजे फेरीबोट. अहवालात «सरावाची खेप» लिहा.

तिवर (रत्नागिरी)

लिहिते. रकाने असे ठरले : आखणी, खोळंबा, अंमल. सरावाच्या खेपा तक्त्याबाहेर ठेवते.