बडोद्याला एमव्हीए प्रिंटमेकिंग : दोन वर्षं नेमकी कशी जातात?

लिनोवाला_कोल्हापूर

नमस्कार. कोल्हापुरात बीएफए पेंटिंग झालं. बडोद्याच्या फाइन आर्ट्सला एमव्हीए (दृश्यकलेतली पदव्युत्तर पदवी) प्रिंटमेकिंगच्या, म्हणजे छापचित्रांच्या, यादीत नाव लागलंय. घरी चर्चा चालू आहे. वडील अडवत नाहीत, पण त्यांचा प्रश्न साधा आहे : पदवी झाली, आता आणखी दोन वर्षं परगावी राहून पोरगा दिवसभर करणार काय? आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. चित्रकला शिक्षकाची नोकरी बघावी असं आईचं म्हणणं.

कॉलेजात लिनो आणि थोडं वूडकट (लिनोलियम किंवा लाकूड कोरून छापणं) केलंय. एचिंगची, म्हणजे धातूची प्लेट आम्लानं कोरून छापण्याची, ओळख नावापुरती. इंग्रजी वाचतो, पण चार लोकांपुढं उभं राहून बोलायचं म्हटलं की अडतं. तिथं शिकलेलं कुणी असेल तर सांगा, दिवस कसा जातो, पैसे कशावर जातात, आणि बाहेर पडल्यावर प्रेस कुठून आणायचा?

तासगावची_छापेवाली

तुझा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले. मी तिथूनच प्रिंटमेकिंग केलंय, आणि तुझ्या वडिलांनी विचारलंय तेच माझ्या घरी आजोबांनी विचारलं होतं.

आधी एक गोष्ट. बीएफएला कोणी तरी विषय देतं, तारीख देतं, आपण काम देतो. एमव्हीएला विषय कोणी देत नाही. स्टुडिओतला एक कोपरा मिळतो, भिंत मिळते, आणि पहिले कित्येक दिवस ती भिंत मोकळीच राहते. पेंटिंगवाल्यांना हे एकट्यानं सोसावं लागतं. आपल्याकडे तसं होत नाही, कारण प्रेस सगळ्यांचा असतो. तुझी प्लेट तयार असली तरी पुढच्याची एडिशन (एकाच प्लेटच्या सारख्या प्रती) चालू असेल तर थांबायचं. थांबल्यावर माणूस काय करतो? दुसऱ्यासाठी प्रेसवरचं जाड लोकरी ब्लँकेट सरळ धरतो, चाक फिरवायला हात लावतो, निघालेला प्रूफ (चाचणीचा छाप) दोघं मिळून उचलतात. मणिपूरचा, आसामचा, केरळचा, बंगालचा मुलगा असा कामातून ओळखीचा होतो. मी जे शिकले त्यातलं बरंचसं या थांबण्यात शिकले.

दिवस असा जातो : सकाळी कागद भिजत घालायचा, कारण एचिंगला ओलसर कागदच लागतो. तो मुरेपर्यंत प्लेटला ग्राउंड, म्हणजे आम्ल अडवणारा थर, लावायचं, सुईनं रेखाटायचं, आम्लात सोडायचं. बुडबुडे रेषेवर साचले तर बाइट (आम्लानं रेषा कोरणं) खडबडीत येतो, म्हणून पक्ष्याच्या पिसानं ते हळूच सारायचे. मग शाई भरायची आणि जाळीदार कापडानं पुसायची. या पुसण्यावर सगळं चित्र अवलंबून असतं. जास्त पुसलं की फिकं, कमी पुसलं की मळकं. दुपारनंतर प्रूफ. मध्ये कला-इतिहासाचे तास असतात, ते चुकवू नकोस. बडोद्यात कला-इतिहास हा पहिल्यापासून स्टुडिओच्या शेजारचाच विषय आहे, आणि तिथली चित्रकार मंडळी वाचणारी असण्याचं ते एक कारण आहे.

लिथो, म्हणजे दगडावर चित्र काढून छापणं, जमलं तर जरूर कर. दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा, एकट्यानं उचलायचा विचारही करू नकोस. आधीच्या विद्यार्थ्याचं चित्र कार्बोरंडमची खरखरीत पूड आणि पाण्यानं घासून काढायचं, मगच दगड आपला. मला हे घासणं फार प्रिय होतं. ज्या दगडावर कितीतरी मुलांची चित्रं येऊन गेली, त्याच्यावर आपण नवी रेषा ओढतो ही जाणीव हाताला होते.

वडिलांना हे सांग : देवघरात किंवा माजघरात रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती छापील पाहिली असेल ना, ती मुळात अशी दगडावरूनच छापलेली. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याआधी बडोद्याच्या सयाजीरावांसाठी त्यानं पौराणिक चित्रं केली होती. त्याची मूळ तैलचित्रं लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फतेहसिंह संग्रहालयात आजही बघायला मिळतात. मूळ चित्र बघून आल्यावर छापील प्रत पुन्हा बघायची, म्हणजे छापणाऱ्यानं काय काय सोडलं आणि काय वाढवलं ते कळतं. हाच तुझा अभ्यास आहे, असं सांगितलंस तर वडिलांना पटेल.

बोलण्याचं. क्रिटला, म्हणजे सगळ्यांपुढं काम लावून होणाऱ्या चर्चेला, हिंदी, गुजराती, इंग्रजी सगळं मिसळून चालतं. भाषेवरून कोणी अडवत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी : "ही रेष इथं का?" असं विचारल्यावर उत्तर नसलं की. त्यासाठी मी एकच उपाय धरला. पहिल्या प्रूफपासून शेवटच्यापर्यंत सगळे कागद जपून ठेवायचे, पेन्सिलीनं खाली बदल लिहायचे आणि क्रिटला ओळीनं लावायचे. मग तुला भाषण करावं लागत नाही. पहिल्या आणि चौथ्या प्रूफमध्ये काय बदललं ते बोटानं दाखवलंस की बोलणं आपोआप सुरू होतं.

आणि स्टुडिओच्या बाहेर पड. कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, सकाळच्या उजेडात बघ. फाइन आर्ट्सचा नवरात्रातला गरबा चुकवायचा नाही. तिथल्या फेअरची, म्हणजे हातानं केलेल्या वस्तूंच्या जत्रेची, परंपरा १९६१पासूनची, त्यासाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या शिक्षकांनी स्वतः खेळणी केली होती. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. मोठा कलावंत लाकडाचं खेळणं तेवढ्याच आस्थेनं करतो, हे त्या आवारात शिकायला मिळतं.

खर्च : खोली आणि जेवणापेक्षा कागद खातो. चांगला सुती कागद महाग पडतो. प्रूफ साध्या कागदावर काढ, चांगला कागद एडिशनसाठी ठेव. जस्ताची प्लेट तांब्यापेक्षा स्वस्त, आणि मागची बाजूही वापरता येते. भाषेची आठवण आली तर दांडिया बाजारात जा, जुनी मराठी वस्ती आहे. सेव-उसळ मात्र आपल्या उसळीसारखी समजून खाऊ नकोस, ती बडोद्याची आहे.

जेजेकर

ताईंनी छान लिहिलंय. माझं मत थोडं वेगळं. मुंबईत राहिलास तर गॅलऱ्या, जहांगीर, ओळखी हे सगळं हाताशी असतं, शिकता शिकता कामंही मिळतात. जेजे स्कूल ऑफ आर्टचाही विचार कर. बडोद्यात दोन वर्षं एकाग्रतेनं काम होतं हे खरं, पण पुढे विकायचं कुठं हा प्रश्न मुंबईलाच घेऊन येतो.

तासगावची_छापेवाली

ओळखींचा मुद्दा बरोबर आहे. पण मुंबईत खोलीचं भाडं भरायला जी कामं करावी लागतात ती प्रेसचाच वेळ खातात, माझ्या मैत्रिणींचं हे बघितलंय. एमव्हीएची दोन वर्षं छापण्यात जावीत, असं मला मनापासून वाटतं. विकणं नंतर शिकता येतं.

बाहेर पडल्यावर प्रेस : स्वतःचा घ्यायची घाई नको. बडोद्यातच 'छाप' नावाचा प्रिंटमेकर्सचा स्टुडिओ आहे, दिल्लीत ललित कला अकादमीचा गढी स्टुडिओ आहे. वूडकटला तर प्रेसही लागत नाही, चमच्यानं घासून उत्तम छाप येतो.

लिनोवाला_कोल्हापूर

ताई, खूप आभार. वडिलांना रविवर्म्याचं वाचून दाखवलं, ते म्हणाले आजोळी ती लक्ष्मी होती. एकच विचारायचं राहिलं. मला लहानपणापासून दम्याचा त्रास आहे, हल्ली कमी. आम्लाच्या वाफांचं काय?

तासगावची_छापेवाली

हे आधी विचारलंस ते बरं झालं. यात अजिबात धाडस करायचं नाही.

जस्त नायट्रिकमध्ये टाकलं की तपकिरी वायू निघतो, तो फुप्फुसांना वाईट. तुझ्यासाठी दुसरा मार्ग आहे : जस्ताला मोरचूद आणि मीठ पाण्यात विरघळवून बाइट देता येतो, त्यात तो तपकिरी वायू नसतो. आमच्या तासगावात द्राक्षबागेला फवारतात तेच मोरचूद. तांब्याला फेरिक क्लोराइड. दोन्हींना हातमोजे आणि चष्मा हवेतच, आणि वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही.

ॲक्वाटिंटला (प्लेटवर राळेची पूड बसवून करड्या छटा काढणं) पेटीत उडवतात त्या राळेची धूळ मात्र दम्याला आम्लाइतकीच त्रासदायक आहे. ती पेटी दुसऱ्या कोणाला चालवायला सांग, किंवा ॲक्वाटिंट टाळ. कापडी मास्क यातल्या कशालाच पुरत नाही, धुळीसाठी गाळणीच्या डब्या लागणारा रबरी मास्क घे, पण नायट्रिकच्या तपकिरी वायूला त्याचाही भरवसा धरू नकोस, लांबच राहा. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना आणि आम्लाची खोली सांभाळणाऱ्या दादांना दम्याचं स्पष्ट सांगून ठेव. डॉक्टरांना विचारून पंप कायम खिशात ठेव, बॅगेत नको. लिनो आणि वूडकटला यातला कुठलाच धोका नाही, फक्त लाकूड घासताना उडणाऱ्या भुशापासून जप.