वेस्ट पॉइंट आणि अ‍ॅनापोलिस येथील उन्हाळी सप्ताहासाठी अकरावीतल्या मुलीचा अर्ज

हडसनकाठ:
नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि अकरावीत असलेल्या आमच्या मुलीचा जन्म इथलाच आहे. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा 'समर लीडर्स एक्स्पीरियन्स' आणि अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीचा 'समर सेमिनार' या दोन्ही उन्हाळी सप्ताहांचे अर्ज जानेवारीत उघडतात, हे तिने स्वतःच शोधून काढले आणि गेल्या आठवड्यात जेवताना आम्हाला सांगितले. आमच्या दोन्ही घरांत सैन्यात कोणीही नाही. पुण्यात असताना खडकवासल्याची एनडीए बाहेरून पाहिली, तेवढाच आमचा संबंध. या सप्ताहासाठी निवड झाली म्हणजे पुढचा प्रवेश निश्चित होतो का, आणि नाही झाली तर ते दार बंद होते का? अकादमीच्या प्रवेशासाठी काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्याचे नामांकन लागते असे वाचले, पण आमची तर कोणाही राजकारण्याशी ओळख नाही. मुलीच्या आजीला वाटते की एकदा तिथे पाऊल ठेवले की पोर सैन्याला बांधली गेली. तिला काय सांगावे?

चेसापीक:
आजींना निःशंकपणे सांगा की या सप्ताहाने कोणतेही बंधन येत नाही. माझा मुलगा समर सेमिनारला जाऊन आला आणि आता अ‍ॅनापोलिसमध्येच शिकतो आहे. प्रवेश घेतल्यानंतरही पहिली दोन वर्षे विद्यार्थ्याला सोडून जाता येते. सेवेचे बंधन तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू होतात तेव्हा लागू होते, आणि पदवीनंतर किमान ५ वर्षे सक्रिय सेवा करावी लागते. शिक्षण, राहणे व जेवण यांचा खर्च सरकार करते आणि वर मासिक वेतनही मिळते. उन्हाळी सप्ताहाचे शुल्क व प्रवासखर्च मात्र आपला आपण करायचा असतो.

त्या आठवड्यात मुले बँक्रॉफ्ट हॉल या वसतिगृहात राहतात, पहाटे उठून व्यायाम करतात, दिवसभर वेगवेगळ्या विषयांच्या कार्यशाळांना बसतात, आणि हे सगळे अकादमीचेच वरच्या वर्गांतले विद्यार्थी त्यांच्याकडून करून घेतात. माझ्या मुलाला तिथे जायचे नक्की झाले ते याच मोठ्या मुलांशी बोलून. त्याच्यासोबत राहिलेल्या एका मुलाला तितक्याच स्पष्टपणे कळले की हे आपल्यासाठी नाही, आणि मला तर तोही आठवडा पूर्णपणे सार्थकी लागला असे वाटते. मुलीच्या बाबतीत शंका असेल तर एवढे सांगते की या अकादम्यांत १९७६ पासून मुलींना प्रवेश आहे.

निवडीने प्रवेश निश्चित होत नाही आणि नकाराने दार बंद होत नाही. समर सेमिनारसाठी केलेला अर्जच अकादमीच्या प्रवेशाचा प्राथमिक अर्ज म्हणून धरला जातो. त्यामुळे निवड झाली नाही तरी कष्ट वाया जात नाहीत.

पिंपळपान:
आमच्या मुलाची दोन्हीकडे निवड झाली नव्हती, तरी त्याने बारावीत प्रवेशासाठी अर्ज केला. नामांकनाविषयी आपण विचारले आहे, त्यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण आम्हीही तीच चूक केली होती. 'खासदाराची शिफारस' असे ऐकल्यावर आपल्या मनात वशिलाच येतो आणि ओळख नसलेली माणसे तिथेच खचतात. प्रत्यक्षात प्रत्येक सिनेटर आणि प्रतिनिधी (संसदेच्या दोन सभागृहांचे सदस्य) आपल्या कार्यालयातर्फे खुले अर्ज मागवतो, आणि बऱ्याच ठिकाणी स्थानिक नागरिकांची समिती मुलांच्या मुलाखती घेते. न्यू जर्सीतल्या मुलीला दोन सिनेटर आणि आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी असे तीन स्वतंत्र अर्ज करता येतात, शिवाय उपराष्ट्राध्यक्षांकडेही करता येतो. एका सदस्याच्या वाट्याचे एका अकादमीत एका वेळी ५ विद्यार्थीच असू शकतात, म्हणून स्पर्धा खरी आहे. मुदती साधारणपणे बारावीच्या शरद ऋतूत संपतात, पण प्रत्येक कार्यालयाची तारीख वेगळी असते. कोस्ट गार्ड म्हणजे तटरक्षक दलाच्या अकादमीला नामांकन लागतच नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

एक गोष्ट मनापासून सांगतो. मुलाचा नामांकनाचा निबंध मी बसून सुधारला होता. मुलाखतीत समितीने नेमके माझ्या एका वाक्याविषयी विचारले आणि त्याला उत्तर देता आले नाही. त्या संध्याकाळी गाडीत तो एक शब्दही बोलला नाही. आपल्या मुलीने हे स्वतः शोधून काढले आहे, तर पासवर्डपासून फोनपर्यंत सगळे तिच्याच हाती राहू द्यावे.

चेसापीक:
पूर्णपणे सहमत. दोन गोष्टी राहिल्या. प्रवेशाच्या शारीरिक चाचणीची तयारी आत्ताच सुरू करावी. तीत गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल फेकणे, पुल-अप, पुश-अप आणि एक मैल धावणे असे प्रकार असतात, आणि आपल्या मुलींना पुल-अपची सवय क्वचितच असते. दुसरी गोष्ट वैद्यकीय तपासणीची. वयाच्या तेराव्या वाढदिवसानंतर दम्याचे निदान किंवा उपचार झालेले असतील तर ते अपात्रतेचे कारण ठरू शकते. त्यातून सूट मागता येते, पण जुन्या नोंदी हाताशी लागतात.

पानगळ:
मुलीचा जन्म इथला असल्याने आपल्याला ही अडचण नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. अकादमीत दाखल होताना अमेरिकेचे नागरिकत्व हवे. ग्रीन कार्ड पुरत नाही. आमच्या मुलाला हे बारावीत कळले आणि फार वाईट वाटले.

हडसनकाठ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. दम्याचा मुद्दा वाचून मी थांबलोच, कारण मुलगी १४ वर्षांची असताना एका हिवाळ्यात खोकल्यासाठी डॉक्टरांनी तिला इनहेलर दिला होता. त्या वेळी दम्याचे निदान लिहिले होते की नाही, हे पाहण्यासाठी सोमवारी दवाखान्याकडे नोंदींच्या प्रती मागणार आहे. म्हणजे मागणार आहे ती, मी फक्त गाडी चालवीन. आजीशी आज सकाळी बोलणे झाले. ५ वर्षांच्या सेवेचे ऐकून ती बराच वेळ गप्प होती, आणि मग तिने विचारले की पुल-अप म्हणजे नेमके काय करायचे असते.