मदत हवी आहे: भावाचा थकवा, कॉर्टिसोलचा रिपोर्ट आणि थर्ड शिफ्ट

नमस्कार. आम्ही नाशिकचे, पाथर्डी फाट्याजवळ राहतो. धाकटा भाऊ (वय ३४) अंबड एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. गेल्या पावसाळ्यात त्याला चिकनगुनिया झाला. ताप आठवड्यात उतरला, सांधे दिवाळीपर्यंत धरलेले होते, थकवा मात्र अजून हटत नाही. दहा तास झोपला तरी उठताना चेहरा ओढलेला.

पूर्वी हा दर रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायचा, मग मिसळ. मागच्या महिन्यात हौसेने पुन्हा गेला. त्या दिवशी ठणठणीत. दुसऱ्या दिवसापासून आडवा: अंग ठणकतंय, घसा दुखतोय, साधा मेसेजही दोनदा वाचावा लागतोय. सावरायला तीन-चार दिवस गेले.

हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर सगळं नॉर्मल. बी१२ कमी होतं, इंजेक्शनं झाली, फरक शून्य. एका डॉक्टरांनी 'स्ट्रेस आहे' म्हणत सेरोटोनिनवर काम करणारी, नैराश्यावरची गोळी लिहून दिली. पण याला कशात रस नाही असं नाहीये हो, इच्छा आहे, अंग साथ देत नाही. ओळखीतले एक जण तर 'ॲड्रिनल फटीग'च्या (म्हणे ताणाने मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी थकतात) महागड्या कॅप्सूल गळ्यात मारायला बसलेत. एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर, मुळात असा आजार मानतच नाहीत, एवढं मी वाचलंय.

कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, याची मला कळलेली साखळी अशी: ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो, पिट्युटरी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते, त्यावर ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात, आणि ते वाढलं की वरच्या दोघांना आवरतं. कॉर्टिसोल झोपून उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वात जास्त, मध्यरात्रीच्या आसपास सर्वात कमी. क्रॉनिक फटीगच्या (महिनोन्महिने न हटणाऱ्या थकव्याचा आजार) रुग्णांत ते सरासरीने किंचित कमी आढळतं, पण त्यावरून निदान होत नाही.

भावाचं सकाळी आठचं कॉर्टिसोल ७.४ आलंय. रेंजमध्ये आहे म्हणे. पण रक्त दिलं ते थर्ड शिफ्ट (रात्रपाळी) सुटल्यावर, घरी येता येता! त्याच्या शरीराची तेव्हा सकाळ होती की रात्र? हा आकडा धरायचा का? कोणाला दाखवावं?

प्रतिसाद:
ताई, मी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. फर्स्ट शिफ्टच्या (सकाळपाळी) आठवड्याच्या शेवटी, रात्रीची झोप झाल्यावर रक्त पुन्हा द्या. तरी असाच अधांतरी आकडा आला तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट एसीटीएचचं इंजेक्शन देऊन ग्रंथी किती दाद देते ते तपासतात. सांध्यांसाठी काय घेत होता? स्टिरॉइड बरेच दिवस पोटात गेलं तर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतं. आणि पायऱ्या सध्या नकोच. श्रमानंतर असं कोसळणं हे क्रॉनिक फटीगचं मुख्य लक्षण, म्हणून तर उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवायचा सल्ला मागे घेतला.

मूळ धागाकर्ती:
बाप रे, गोळ्या! कागदाच्या पुडीत मिळायच्या, नाव-गाव काही नाही. पांढऱ्या, बारीक. दुखलं की अजूनही एखादी घेतो. आजच नावं लिहून आणायला पाठवते त्याला.

प्रतिसाद:
नावं आणा, पण रोज चालू असतील तर एकदम बंद करू नका. स्टिरॉइड निघालं तर डॉक्टरच हळूहळू उतरवतील. आणि रक्त द्यायच्या आधी हे सगळं त्यांना सांगा, नाहीतर पुन्हा तोच घोळ.