तीन गुणांची आघाडी, ५.९ सेकंद आणि पर्ड्यूने केलेला फाउल

उशिराचा प्रेक्षक यांचा प्रश्न

३० मार्च २०१९ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे व्हर्जिनिया आणि पर्ड्यू या विद्यापीठांमध्ये झालेला बास्केटबॉल सामना मी त्या वेळी पाहिला नव्हता. परवा त्याचे चित्रण सलग पाहिले आणि तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात घोळतो आहे. एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धेच्या दक्षिण विभागाची ही अंतिम लढत होती आणि जिंकणारा संघ थेट ‘फायनल फोर’मध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांत जाणार होता. पर्ड्यू १९८० नंतर, तर व्हर्जिनिया १९८४ नंतर तेथे पोहोचला नव्हता. नियमित वेळ संपायला ५.९ सेकंद उरले असताना पर्ड्यू ७०-६७ असा पुढे होता आणि नेमक्या त्या क्षणी त्यांनी टाय जेरोमवर मुद्दाम फाउल केला, म्हणजे व्हर्जिनियाला तीन गुणांचा शॉट घेण्याची संधीच मिळू नये.

फाउलबद्दल जेरोमला दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता घ्यायचे एकेक गुणाचे शॉट, मिळाले. त्याने पहिला बास्केटमध्ये टाकला, दुसरा हुकला. उडालेला चेंडू व्हर्जिनियाच्याच ममादी डियाकिटेने हाताने मागे ढकलला, तो सगळ्यांच्या डोक्यावरून मध्यरेषेपलीकडे गेला, त्याचा सहकारी कीहे क्लार्कने धावत जाऊन तो गाठला, तेथूनच लांब पास दिला आणि डियाकिटेने बझर वाजता वाजता बास्केट केले. ७०-७० अशा बरोबरीनंतर जादा वेळेत व्हर्जिनियाने ८०-७५ असा विजय मिळवला.

माझा प्रश्न असा की, ‘तीन गुणांनी पुढे असताना फाउल करावा’ हा सल्ला पर्ड्यूने तंतोतंत पाळला आणि तरीही हातातोंडाशी आलेला घास गेला, तर मग हा सल्लाच चुकीचा मानायचा का? फाउल न करता त्यांनी बचावावर विसंबायला हवे होते का?

जुना पंच यांचा प्रतिसाद

निकालावरून निर्णयाची पारख करण्याची घाई करू नये, असे मी प्रथम नमूद करतो. मी अनेक वर्षे शालेय सामन्यांत पंच म्हणून काम केले आहे, त्यामुळे या पाच-सहा सेकंदांत नियमांच्या दृष्टीने काय काय घडले, ते सांगण्याचा मोह आवरत नाही.

फ्री थ्रोच्या वेळी बास्केटपुढच्या रंगवलेल्या पट्ट्याच्या कडेने बचाव करणाऱ्या संघाचे चार आणि फेकणाऱ्याच्या संघाचे दोनच खेळाडू उभे राहू शकतात आणि बास्केटच्या सर्वांत जवळच्या दोन्ही जागा बचाव करणाऱ्यांकडे असतात. म्हणजे फ्री थ्रो हुकल्यावर रिबाउंड, म्हणजे परत उडालेला चेंडू, पर्ड्यूलाच मिळावा, अशीच मांडणी नियमाने करून ठेवलेली असते. डियाकिटेला ती जागा नव्हती. त्याने उंच उडी घेऊन चेंडूला केवळ हात लावला. त्याने चेंडू पकडण्याचा प्रयत्न केला असता, तर चार जणांच्या गर्दीत तो बहुधा हिसकावला गेला असता.

दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. शेवटचा फ्री थ्रो हुकला की घड्याळ लगेच सुरू होत नाही. मैदानावरील एखाद्या खेळाडूचा चेंडूला स्पर्श झाला की ते सुरू होते. म्हणजे ५.९ सेकंदांची मोजणी डियाकिटेच्या बोटांपासून सुरू झाली. आणि चेंडू मध्यरेषेपलीकडे गेला तरी तो नियमभंग ठरला नाही, कारण नुसता हात लावल्याने चेंडूवर संघाचा ताबा सिद्ध होत नाही आणि ताबा नसेल तर मध्यरेषा ओलांडल्याचा दोष लागत नाही. क्लार्क मागे होता हाही केवळ योगायोग म्हणता येणार नाही. जे खेळाडू पट्ट्याच्या कडेला उभे नसतात त्यांना तीन गुणांच्या रेषेमागे राहावेच लागते आणि असा मागचा खेळाडूच लांब उडालेल्या चेंडूपर्यंत पोहोचू शकतो.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये तीन गुणांचे शॉट साधारण तिनातला एक या प्रमाणात पडतात. शेवटच्या क्षणी, दबावाखाली आणि अंगावर बचावपटू असताना ते प्रमाण खाली येते, हे खरे आहे. पण फाउल केल्यानंतर बरोबरी साधण्यासाठी विरोधी संघाला पहिला फ्री थ्रो टाकणे, दुसरा हुकणे (दोन्ही पडले तरी एक गुण कमीच राहतो), हुकलेला चेंडू मिळवणे आणि उरलेल्या वेळेत बास्केट करणे या चारही गोष्टी एकामागून एक जमवाव्या लागतात. त्या रात्री चारही जमल्या. मला विचाराल तर निर्णय योग्य होता. माझा आक्षेप असलाच तर तो वेळेवर आहे. ५.९ सेकंद म्हणजे चेंडूच्या मागे धावण्याइतका वेळ. हाच फाउल तीन सेकंद असताना झाला असता, तर क्लार्क चेंडूपर्यंत पोहोचेतो सामना संपला असता.

फाउल उशिरा करण्यातला धोका मात्र दुर्लक्षून चालणार नाही. समोरचा खेळाडू शॉटसाठी हात उचलतो आहे आणि त्याच क्षणी बचावपटूचा हात लागला, तर तीन फ्री थ्रो द्यावे लागतात. शिवाय चेंडूकडे हात न नेता सरळ मिठी मारली किंवा मागून ओढले, तर पंच फ्री थ्रो देऊन वर चेंडूही त्याच संघाकडे ठेवू शकतात. म्हणून प्रशिक्षक थोडे लवकरच फाउल करायला सांगतात, आणि बाकावर बसून हे सेकंदाचे गणित अचूक साधणे कोणालाही सोपे नसते.

काठावरचा चाहता यांचा प्रतिसाद

जुना पंच यांच्या विवेचनाला एक जोड देतो. ७ एप्रिल २००८ रोजी सॅन अँटोनिओ येथे कॅन्सस आणि मेम्फिस यांच्यात झालेला याच स्पर्धेचा अंतिम सामना आठवून पाहावा. दोन मिनिटे आणि १२ सेकंद उरले असताना मेम्फिस ६०-५१ असा नऊ गुणांनी पुढे होता. शेवटी आघाडी ६३-६० अशी तीनवर आली, मेम्फिसला फाउल करायचा होता, पण तो झालाच नाही, आणि २.१ सेकंद असताना मारिओ चाल्मर्सच्या तीन गुणांच्या शॉटने बरोबरी झाली. जादा वेळेत कॅन्ससने १२ गुण केले, मेम्फिसने पाच; निकाल ७५-६८. म्हणजे एका संघाने फाउल केला आणि दुसऱ्याने केला नाही, पण दोघांवरही जादा वेळ खेळण्याची आणि हरण्याची पाळी आली.

मात्र या दोन सामन्यांतले खरे साम्य मला दुसरेच वाटते. मेम्फिसने शेवटच्या दोन मिनिटांत पाचपैकी चार फ्री थ्रो घालवले होते, आणि १०.८ सेकंद असताना डेरिक रोझने दोनपैकी एकच टाकला. लुइव्हिलमध्ये सुमारे १७ सेकंद उरले असताना पर्ड्यूचा रायन क्लाइन दोन फ्री थ्रोसाठी रेषेवर उभा होता, आघाडी ६९-६७ होती आणि त्यानेही एकच टाकला. दोन्ही ठिकाणी दोन्ही फ्री थ्रो पडले असते, तर आघाडी चार गुणांची झाली असती. मग फाउल करावा की करू नये, हा पेचच उभा राहिला नसता. आपण सगळे वर्षानुवर्षे शेवटच्या शॉटची चर्चा करतो, पण त्याच्या काही सेकंद आधी, कोणीही अडवत नसताना, १५ फुटांवरून हुकलेला चेंडू कोणाच्या फारसा लक्षात राहत नाही.

काळा-सोनेरी यांचा प्रतिसाद

मी वेस्ट लाफायेट येथे, म्हणजे पर्ड्यूमध्ये, शिकलो आहे, त्यामुळे माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा कोणी ठेवू नये. क्लाइनचे नाव निघालेच आहे, तर त्याच्यावर अन्याय होऊ नये एवढ्यासाठी लिहितो. त्या संपूर्ण स्पर्धेत पर्ड्यूला इथवर आणणाऱ्या नेमबाजांपैकी तो एक होता आणि एका फ्री थ्रोसाठी त्याला धारेवर धरणे मला पटत नाही.

कार्सन एडवर्ड्‌सबद्दल मात्र जितके लिहावे तितके थोडे आहे. पर्ड्यूच्या ७५ गुणांपैकी ४२ त्याचे एकट्याचे होते आणि त्यांतले ३० गुण तीन गुणांच्या दहा शॉटमधून आले. समोर व्हर्जिनियासारखा संघ होता, जो खेळाची गती मुद्दाम मंद ठेवतो आणि बास्केटपुढे भिंत उभी करून प्रतिस्पर्ध्याला प्रत्येक शॉटसाठी झगडायला लावतो. अशा संघासमोर ४२ गुण करणे म्हणजे काय, हे ज्याने तो सामना पाहिला त्यालाच कळेल. शेवटच्या सव्वा मिनिटाच्या सुमारास त्याने टाकलेला शॉट फळीवर आपटून आत गेला आणि आम्ही ६९-६७ असे पुढे गेलो, तेव्हा आज दैव आमच्या बाजूने आहे अशी माझी खात्री पटली होती. त्या स्पर्धेत चार सामन्यांत त्याने तीन गुणांचे २८ यशस्वी शॉट टाकले. १९८९ मध्ये मिशिगनच्या ग्लेन राइसने सहा सामन्यांत टाकलेल्या २७ शॉटचा विक्रम त्याने मोडला. पराभूत संघात असूनही विभागाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला आणि त्याबद्दल व्हर्जिनियाच्या चाहत्यांनीही कुरकूर केल्याचे मला आठवत नाही.

फाउलच्या निर्णयाबद्दल मी आमचे प्रशिक्षक मॅट पेंटर यांना दोष देत नाही. तो निर्णय चुकीचा असता, तर मला कदाचित कमी त्रास झाला असता. सगळे नीट करूनही हरलो, याचे काय करावे ते कळत नाही.

शार्लट्सव्हिलचा पाहुणा यांचा प्रतिसाद

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे व्हर्जिनियाचा आहे, तरी काळा-सोनेरी यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्णपणे सहमत आहे. तरीही ‘दैव’ हा शब्द वाचून थोडा थबकलो, कारण क्लार्कच्या त्या पासला दैव म्हणणे म्हणजे त्याचे श्रेय हिरावून घेणे होईल. तो पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता, उंची पाच फूट नऊ इंच. मध्यरेषेच्या मागे चेंडू हाती लागल्यावर त्याच्यापुढे तीन पर्याय होते. तेथूनच आंधळेपणाने फेकायचे, जेरोम किंवा काइल गाय यांच्यापैकी एकाकडे द्यायचा, किंवा बास्केटजवळच्या डियाकिटेला शोधायचे. नव्वद टक्के खेळाडूंनी, आणि मी त्या वेळी पडद्यासमोर ओरडत होतो तसे मीसुद्धा, दुसरा पर्याय निवडला असता, कारण संघातले नामांकित नेमबाज तेच होते. पण बरोबरीसाठी दोनच गुण पुरेसे होते, हे त्या मुलाला धावता धावता उमगले आणि पास छातीच्या उंचीवर, एकही टप्पा न पडता पोहोचला. डियाकिटेने तो घेऊन सुमारे १२ फुटांवरून, समोर सात फूट तीन इंचांचा मॅट हार्म्स हात उंचावून येत असताना, लगेच शॉट टाकला. पासला अर्धा सेकंद उशीर झाला असता तरी ते बास्केट धरले गेले नसते.

मूळ प्रश्नाला धरून आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. याच व्हर्जिनियासमोर हा पेच दहा दिवसांत पुन्हा आला. ८ एप्रिल रोजी मिनियापोलिस येथील अंतिम सामन्यात टेक्सस टेक ६८-६५ असा पुढे होता आणि त्यांनी फाउल केला नाही. १२.९ सेकंद असताना डिआंद्रे हंटरने तीन गुणांचा शॉट टाकून बरोबरी साधली आणि जादा वेळेत आम्ही ८५-७७ असे जिंकून विजेते झालो. मधल्या उपांत्य सामन्यात ऑबर्न ६२-६० असा पुढे असताना तिसरीच गोष्ट घडली. गाय तीन गुणांचा शॉट घेत असताना त्याच्यावर फाउल झाला, ०.६ सेकंद उरले होते, त्याने तीनही फ्री थ्रो टाकले आणि आम्ही ६३-६२ असे सुटलो. जुना पंच यांनी सांगितलेला धोका याहून स्पष्ट कुठे दिसणार? फाउल करणारा, न करणारा आणि चुकून करणारा, असे तिघेही आमच्याकडून हरले, त्यामुळे या तीन सामन्यांवरून नियम काढू पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही.

आमच्यासाठी त्या विजयाला वेगळा संदर्भ होता, तोही सांगतो. वर्षभरापूर्वी, मार्च २०१८ मध्ये, आमचा अग्रमानांकित संघ विभागातल्या सर्वांत खालच्या, सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी या विद्यापीठाकडून ७४-५४ असा हरला होता. पुरुषांच्या स्पर्धेत असे पूर्वी कधीही घडले नव्हते. बारा महिने लोक आमची टर उडवत होते. त्यामुळे जेरोमचा दुसरा फ्री थ्रो हुकला तेव्हा खोलीत कोणीच काही बोलले नाही, सगळ्यांनी पराभव मनोमन स्वीकारला होता.

उशिराचा प्रेक्षक यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. जुना पंच यांच्यामुळे एक खुलासा झाला. मी चित्रण पुन्हा पाहिले आणि या वेळी नजर घड्याळावर ठेवली; चेंडू हवेत असताना आकडा खरोखरच स्थिर दिसतो. काठावरचा चाहता यांचा मुद्दा वाचून क्लाइनचे फ्री थ्रोही पुन्हा पाहिले. पहिल्यांदा पाहताना त्या भागात मी पाणी आणायला उठलो होतो, हे कबूल करायला हवे.

एक उपप्रश्न उरतो. जादा वेळेतही पर्ड्यूला संधी होतीच ना?

जुना पंच यांचा प्रतिसाद

होती. शेवटच्या अर्ध्या मिनिटापर्यंत सामना कोणाच्याही बाजूने झुकू शकत होता. हंटरच्या बास्केटने व्हर्जिनिया ७६-७५ असा पुढे गेला आणि त्यानंतर पर्ड्यूला एकही गुण करता आला नाही. जादा वेळेसाठी वैयक्तिक फाउल पुन्हा शून्यापासून मोजले जात नाहीत आणि दमलेले पायही ताजे होत नाहीत. एडवर्ड्‌सने ४० मिनिटांत जे ओझे वाहिले होते, ते पुढच्या पाच मिनिटांत जाणवले, असे माझे मत आहे.

काळा-सोनेरी यांचा प्रतिसाद

शार्लट्सव्हिलच्या पाहुण्यांनी यूएमबीसीचा विषय काढला म्हणून सांगतो. २०२३ मध्ये अग्रमानांकित असताना सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून हरणारा दुसरा संघ आमचाच ठरला. फेअरली डिकिन्सन विद्यापीठाने आम्हाला ६३-५८ असे हरवले. त्या रात्री मला तुमच्या त्या बारा महिन्यांची आठवण झाली होती. पुढच्याच वर्षी डेट्रॉइट येथे टेनेसीला ७२-६६ असे हरवून आम्ही ४४ वर्षांनी फायनल फोर गाठली, आमच्या झॅक ईडीने एकट्याने ४० गुण केले. मी तो सामना पूर्ण पाहिला, फक्त शेवटच्या मिनिटांत आमचा खेळाडू फ्री थ्रोच्या रेषेवर आला की प्रत्येक वेळी पडद्याकडे पाठ करून उभा राहत होतो.